आधी नाका ताब्यात घ्या: वायरलेस ब्रॉडबँडवर ट्रॅफिकला अग्रक्रम कसा द्यायचा

माझी धाकटी बहीण पुण्याहून सुट्टीला गावी आली, की दोन दिवसांत तिची तक्रार ठरलेली. "दादा, स्पीड टेस्टला चाळीस दाखवतंय आणि मीटिंगमध्ये माझा आवाज तुटतोय म्हणतात. हे कसलं चाळीस?"

गुहागर तालुक्यातल्या आमच्या वाडीत फायबर आलेलं नाही. घरावरचा अँटेना समोरच्या सड्यावरच्या टॉवरकडे तोंड करून बसलाय आणि त्या एका धाग्यावर सगळं घर चालतं: टीव्ही, चार-पाच मोबाईल, दोन सीसीटीव्ही कॅमेरे, बहिणीचं ऑफिस. तिची तक्रार खरी होती आणि स्पीड टेस्टही खोटं बोलत नव्हती. गुन्हेगार निघाला भाच्याचा फोन. चार्जिंगला लावला की तो दिवसभराचे व्हिडिओ मुकाट्याने क्लाउडवर चढवायला घ्यायचा.

आता हिशेब बघा. समजा अपलोडचा वेग ४ एमबीपीएस आहे आणि मोडेमच्या पोटात १ मेगाबाइटची साठवण, म्हणजे बफर आहे. १ मेगाबाइट म्हणजे ८ मेगाबिट. ते ४ एमबीपीएसने बाहेर पडायला २ सेकंद लागतात. फोनच्या बॅकअपने ती साठवण काठोकाठ भरली, की त्यामागे आलेल्या आवाजाच्या पॅकेटला, म्हणजे डेटाच्या छोट्या पुडक्याला, दोन सेकंद थांबावंच लागतं. बोलण्यासाठी एका दिशेचा विलंब १५० मिलिसेकंदांच्या आत हवा, असं आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाची जी.११४ ही शिफारस सांगते. इथे तो तेरापट होतोय. वेग आहे, पण रांग लांब आहे. या दुखण्याला बफरब्लोट म्हणतात.

माझी पहिली चूक सांगतो, कारण ती जवळजवळ सगळेच करतात. मी राउटरच्या क्यूओएस पानावर, म्हणजे कुणाचं ट्रॅफिक आधी सोडायचं ते ठरवण्याच्या पानावर गेलो, बहिणीच्या लॅपटॉपला 'हाय' केलं, भाच्याच्या फोनला 'लो' केलं आणि सेव्ह करून मोकळा झालो. फरक शून्य. कारण रांग राउटरमध्ये साचतच नव्हती. राउटर मोडेमला गिगाबिटच्या केबलने जोडलेला. त्याच्या दृष्टीने रस्ता मोकळाच, आलं की ढकललं पुढे. रांग साचत होती पुढच्या मोडेममध्ये, आणि डाउनलोडच्या बाजूने टॉवरवर. तिथे माझ्या 'हाय-लो'ला कोण विचारतो?

रांग जिथे साचते तिथेच अग्रक्रम देता येतो. म्हणून आधी रांग आपल्या राउटरमध्ये ओढून आणायची (हाच आपला नाका), मग ती नीट लावायची, आणि कुणाला पुढे सोडायचं हे अगदी शेवटी ठरवायचं.

काय लागेल

ओपनडब्ल्यूआरटी ही मोफत प्रणाली चालणारा एक राउटर. याच पद्धतीने मायक्रोटिक कंपनीच्या राउटरवरही काम होतं, त्याबद्दल पुढे बोलू. घरगुती राउटरवरच्या 'स्मार्ट क्यूओएस' वगैरे नावांवर जाऊ नका. त्यात वेगाची मर्यादा हाताने टाकता येते का आणि केक किंवा एफक्यू-कोडेल या रांग लावण्याच्या पद्धतींपैकी काही आहे का, एवढंच बघा.

कंपनीने दिलेला मोडेम सहसा उघडता येत नाही. हरकत नाही, आपला राउटर त्याच्या मागे केबलने लावा. दुहेरी नॅट होतं, म्हणजे पत्त्यांची अदलाबदल दोनदा होते, पण ब्राउझिंग, कॉल, व्हिडिओ यांना त्याचा त्रास क्वचितच होतो. एक गोष्ट मात्र कटाक्षाने करा: मोडेमचं स्वतःचं वायफाय बंद करा आणि टीव्हीचा सेट-टॉप बॉक्सही आपल्या राउटरवर आणा. एक जरी उपकरण थेट मोडेमला जोडलेलं राहिलं, तर ते नाका चुकवून आडवाटेने जातं आणि पुढची सगळी मेहनत वाया.

मोजमाप: एकदा नाही, चार वेळा

लॅपटॉप केबलने जोडा. एका खिडकीत १.१.१.१ या सर्व्हरला पिंग चालू ठेवा, म्हणजे छोटं पॅकेट जाऊन परत यायला किती वेळ लागतो ते कळतं. दुसरीकडे स्पीड टेस्ट लावा. तीन आकडे लिहा: रिकामा असतानाचा पिंग, डाउनलोड चालू असतानाचा, अपलोड चालू असतानाचा. वेव्हफॉर्मची बफरब्लोट चाचणी हेच काम ब्राउझरमध्ये करते आणि शाळेसारखी श्रेणी देते.

वायरवरच्या जोडणीला हे एकदा केलं की पुरतं. हवेतल्या जोडणीला नाही. टॉवरची क्षमता सगळ्या गावात वाटली जाते, संध्याकाळी मालिका आणि मॅच सुरू झाली की तुमचा वाटा आक्रसतो. म्हणून सकाळी सहा, दुपारी, रात्री नऊ आणि रात्री बारा, अशा चार वेळा, निदान तीन दिवस मोजा. उदाहरणापुरते आकडे घेऊ: डाउनलोड ७०, ४५, १८ आणि ३०, अपलोड ९, ७, ४ आणि ६ एमबीपीएस. पुढचा सगळा हिशेब याच आकड्यांवर करू.

अपलोडकडे जास्त लक्ष द्या. मोबाईल नेटवर्कवर वेळेचा आणि ताकदीचा मोठा हिस्सा डाउनलोडला असतो, त्यामुळे आधी दम तुटतो तो अपलोडचा. आणि अपलोड तुंबलं की डाउनलोडही बसतं, हे पुष्कळांना ठाऊक नसतं. १५०० बाइटच्या पॅकेटांत ६० एमबीपीएस म्हणजे सेकंदाला ५००० पॅकेट. दर दोन पॅकेटांमागे एक पोच परत जाते असं धरलं, तर २५०० पोचपावत्या. प्रत्येकी ६४ बाइट धरले तरी नुसत्या पावत्यांनाच सुमारे १.२८ एमबीपीएस अपलोड लागतं. पावती रांगेत अडकली, की पाठवणाऱ्याला वाटतं माल पोचलाच नाही, आणि तो हात आखडता घेतो.

आधी सिग्नल, मग सेटिंग

हा भाग छोटा, पण गाळू नका. मोडेमच्या पानावर आरएसआरपी (सिग्नलची ताकद) आणि एसआयएनआर (गोंगाटाच्या तुलनेत सिग्नल) असे दोन आकडे दिसतात. आरएसआरपी उणे ८०-९० च्या आसपास असेल तर उत्तम, उणे ११० च्या पलीकडे गेलं तर काठावर. एसआयएनआर २० च्या वर असेल तर छान, शून्याच्या खाली असेल तर गोंगाटात ओरडून बोलण्यासारखं. दोन्हींत मी एसआयएनआरला जास्त मान देतो. अँटेना पाच-पाच अंशांनी फिरवत दर वेळी दोन मिनिटं थांबून आकडा बघा. आमच्याकडे शेजारच्या आगरातल्या पोफळी आड येत होत्या. अँटेनाचा पाइप चार हात उंच केला, आणि पुढच्या कुठल्याही सेटिंगपेक्षा त्याने जास्त दिलं.

नाका बसवणे

ओपनडब्ल्यूआरटीमध्ये 'लुसी-ॲप-एसक्यूएम' हे पॅकेज टाका. नेटवर्कच्या मेनूत 'एसक्यूएम क्यूओएस' दिसू लागतं. इंटरफेस म्हणून मोडेमकडे जाणारं वॅनचं पोर्ट निवडा. डाउनलोड आणि अपलोडच्या चौकटीत वेग किलोबिटमध्ये टाकायचा असतो. म्हणजे साडेतीन एमबीपीएससाठी ३५००. शून्य टाकलं तर त्या दिशेला मर्यादाच लागत नाही, ही गंमत लक्षात ठेवा.

किती टाकायचं? फायबरवर मोजलेल्या वेगाच्या ९०-९५ टक्के टाकतात. वायरलेसवर मात्र सुरुवात सर्वात वाईट वेळेच्या आकड्यापासून करा. आपल्या उदाहरणात रात्री नऊला १८ आणि ४ होतं, तर १६००० आणि ३५०० टाका. हो, सकाळचे ७० वाया जातात. मन खट्टू होतं. पण आधी हे करून बघा. बॅकअप चालू असताना कॉल लावा, आणि वेग चौथाईवर आणूनही घर जास्त चपळ कसं वाटतं ते अनुभवा. सत्तर परत मिळवायचा रस्ता पुढे आहे.

आपण मुद्दाम मोडेमपेक्षा थोडं कमी सोडतो, म्हणून मोडेमची साठवण भरत नाही आणि रांग आपल्या राउटरमध्ये येते. अपलोडला हे सरळ आहे. डाउनलोडला थोडं उफराटं: माल टॉवरवरून आपल्यापर्यंत येऊन पोचलेला असतो, आता त्याला अडवून काय होणार? पण राउटर काही पॅकेट उशिरा सोडतो, काही टाकून देतो, आणि ते कळल्यावर पलीकडचा सर्व्हर आपणहून वेग कमी करतो. म्हणजे डाउनलोडची लगाम आपल्या हातात असते ती दुरून. तिथे थोडी जास्त मोकळीक सोडावी लागते ती याचसाठी.

रांग लावण्याच्या पद्धतीत 'केक' निवडा आणि स्क्रिप्ट 'पीस ऑफ केक'. नावावर हसू नका. बफरब्लोटविरुद्ध वर्षानुवर्षं झगडणाऱ्या मंडळींनी ते लिहिलं आणि २०१८ मध्ये लिनक्सच्या ४.१९ आवृत्तीत ते आलं. त्यातले एक, डेव्ह टॅट, २०२५ च्या एप्रिलमध्ये गेले. आज जगभर कुणाचा कॉल तुटत नसेल, तर त्यात त्या माणसाचा वाटा आहे.

केक करतं काय? पंढरपुरात पददर्शनाची रांग तासन्‌तास चालते, पण ज्याला नुसतं मुखदर्शन घ्यायचंय त्याची रांग वेगळी, तो पटकन आत जाऊन बाहेर येतो. केक प्रत्येक संभाषणाला, म्हणजे प्रत्येक कॉल, प्रत्येक डाउनलोड, प्रत्येक वेबपानाला आपली वेगळी रांग देतं आणि पाळीपाळीने एकेक सोडतं. आवाजाचा कॉल सेकंदाला ५० छोटी पॅकेट पाठवतो, जुन्या जी.७११ पद्धतीतही ८० किलोबिटच्या आसपास. त्याची रांग कधी साचतच नाही, म्हणून तो आला की लगेच सुटतो. बॅकअपची रांग लांब होते, पण ती त्याची त्यालाच भोवते. कुणी कुणाला 'हाय' म्हटलेलं नाही, तरी अर्ध्याहून जास्त दुखणं इथेच थांबतं.

प्रगत पर्याय उघडून दोन ओळी भरा. डाउनलोडच्या चौकटीत 'नॅट', 'ड्युअल-डीएसटीहोस्ट' आणि 'इन्ग्रेस'. अपलोडच्या चौकटीत 'नॅट', 'ड्युअल-एसआरसीहोस्ट' आणि 'ॲक-फिल्टर'. हे शब्द इंग्रजी स्पेलिंगने, मध्ये मोकळी जागा सोडून लिहायचे. यामुळे वाटणी आधी माणशी होते आणि मग त्या माणसाच्या कामांत. नाहीतर टॉरेंटवाला एकटा शंभर जोडण्या उघडून शंभर वाटे मागतो. 'ॲक-फिल्टर' वर सांगितलेल्या जादा पोचपावत्या गाळतो. यूट्यूबसारख्या, क्विक या नव्या पद्धतीवर चालणाऱ्या सेवांच्या पावत्या कूटबद्ध असतात, तिथे त्याचं काही चालत नाही.

लिंक लेयरच्या पानावर इथरनेट निवडून ओव्हरहेड ४४ ठेवा आणि पुढे चला. फायरवॉलमधलं हार्डवेअर ऑफलोडिंग मात्र बंद हवं. ते चालू असेल तर पॅकेट रांगेला वळसा घालून निघून जातात आणि आपण सेटिंग बदलत बसतो. शिवाय या कामाला राउटरचा प्रोसेसर लागतो. जुना स्वस्त राउटर शंभर-दीडशे एमबीपीएसच्या आसपास दमू शकतो; आमच्यासारख्या गावाकडच्या वेगाला तो पुरतो.

वाऱ्यासारखा बदलणारा वेग

आता सत्तरचा प्रश्न. स्थिर आकडा टाकला तर दोन्हीकडून मार: सकाळी क्षमता वाया, आणि एखाद्या रात्री टॉवर १० वर आला तर आपला १६ चा नाका निरुपयोगी, कारण रांग पुन्हा टॉवरवर गेली.

यावर 'केक-ऑटोरेट' नावाची स्क्रिप्ट आहे. ती सतत काही ठरावीक सर्व्हरना पिंग करते. लाइन भरलेली असून विलंब वाढत नसेल तर मर्यादा हळूहळू वर नेते. विलंब वाढला की झटकन खाली आणते. तुम्ही दोन्ही दिशांना तीन आकडे द्यायचे: किमान, मूळ आणि कमाल. आपल्या उदाहरणात डाउनलोडला ८, १६, ६५ आणि अपलोडला १.५, ३.५, ८. किमान आकडा असा ठेवा, की त्यावरही एक व्हिडिओ कॉल निभावेल. स्क्रिप्ट त्याखाली जात नाही, मग विलंब कितीही होवो.

लोक अडकतात ते विलंबाच्या उंबरठ्यावर. मोबाईल नेटवर्कचा पिंग मुळातच नाचरा असतो, काही नसताना तीसचा साठ होतो. उंबरठा फार कडक ठेवला तर स्क्रिप्ट प्रत्येक हलक्या झुळकीला घाबरून वेग खाली आणते आणि घरचे 'नेट गेलं' म्हणून ओरडतात. रिकाम्या लाइनवर दहा मिनिटं पिंग चालवा, तो नेहमी किती वर-खाली होतो ते बघा, आणि उंबरठा त्याच्या वर ठेवा. हे एकदा जमायला मला दोन संध्याकाळी लागल्या. एक बारीक सूचना: ही पिंग थोडा डेटा खाते, मोजून मिळणाऱ्या प्लॅनवर ते लक्षात असू द्या.

आता अग्रक्रम, आणि तोही उलट्या बाजूने

इथपर्यंत येऊन आठवडाभर थांबा. बऱ्याच घरांत पुढे काही करावंच लागत नाही. तरीही कॉल अडखळत असेल, तरच चिठ्ठ्या चिकटवायला घ्या.

प्रत्येक पॅकेटच्या डोक्यावर ६ बिटांची एक जागा असते, डीएससीपी नावाची. १९९८ च्या मानकापासून ती या कामाला राखलेली आहे. एसक्यूएममध्ये स्क्रिप्ट बदलून 'लेयर केक' करा आणि वरच्या दोन ओळींत 'डिफसर्व्ह४' जोडा. आता चार डबे मिळतात: मालगाडी, साधारण, व्हिडिओ आणि आवाज. सीएस१, म्हणजे ८ ही चिठ्ठी मालगाडीत जाते, एएफ४१ म्हणजे ३४ व्हिडिओत, ईएफ म्हणजे ४६ आवाजात. चिठ्ठी नसलेलं सगळं साधारण डब्यात.

या डब्यांना कुंपण आहे, आणि तेच मला आवडतं. आवाजाच्या डब्याचा अग्रक्रम एकूण वेगाच्या चौथाईपर्यंतच टिकतो, व्हिडिओचा निम्म्यापर्यंत, मालगाडीचा सोळाव्या हिश्शापर्यंत. त्याच्या वर गेलं तरी अडवत नाहीत, फक्त मान कमी होतो. म्हणजे कुणी लबाडीने आपल्या डाउनलोडवर ४६ ची चिठ्ठी लावली, तरी घर उपाशी राहत नाही.

कुणाला वर काढायचं याची यादी करत बसू नका. कुणाला खाली बसवायचं ती यादी करा. ती छोटी असते आणि बदलत नाही. आमच्या घरची यादी: सीसीटीव्हीचे दोन कॅमेरे, फोटो साठवणारी हार्ड डिस्क, भाच्याचा फोन. या चौघांना राउटरमध्ये कायमचे आयपी पत्ते दिले. मग फायरवॉलच्या ट्रॅफिक रूल्समध्ये, स्रोत लॅन, गंतव्य वॅन, पत्ता अमुक, कृती 'डीएससीपी क्लासिफिकेशन', किंमत सीएस१. चार नियम, दहा मिनिटं. अपलोडचं मुख्य ओझं हेच चौघं टाकत असल्यामुळे बाकीच्यांना आपोआप वाट मिळाली. भाचा रुसला नाही. त्याला कळलंच नाही.

त्यानंतरही वर काढायचंच असेल तर पोर्टवरून, म्हणजे ॲप वापरतं त्या दाराच्या क्रमांकावरून, काढता येतं. झूम यूडीपीवर ८८०१ ते ८८१० वापरतं, टीम्स ३४७८ ते ३४८१, गूगल मीट ३४७८ आणि १९३०५ ते १९३०९. ३४७८ हा पोर्ट बऱ्याच कॉलिंग ॲपना सामाईक आहे, म्हणून एकाच नियमात पुष्कळ काम होतं. वायफाय कॉलिंगला यूडीपी ५०० आणि ४५०० लागतात. गावात घराच्या आत मोबाईलची रेंज नसेल तर हा नियम सोन्यासारखा. ४५०० वर ऑफिसचं व्हीपीएनही चालू शकतं, तेवढं बघून घ्या. ४४३ ला मात्र हात लावू नका. त्याच दाराने बँक, यूट्यूब, अपडेट सगळेच येतात.

डाउनलोडच्या बाजूने एक अडचण आहे. इंटरनेटवरून येताना चिठ्ठ्या वाटेत पुसल्या जातात किंवा भलत्याच असतात, आणि एसक्यूएम पॅकेट हातात घेतं तेव्हा फायरवॉलची पाळी अजून आलेली नसते. त्यामुळे वरचे नियम अपलोडलाच लागू पडतात. दोन्ही बाजूंना हवे असतील तर 'क्यूओसिफाय' हे पॅकेज वापरा. ते पोर्टवरून किंवा सर्व्हरच्या नावावरून चिठ्ठी लावतं आणि केक स्वतःच बसवतं. म्हणून त्याच इंटरफेसवर एसक्यूएम बंद ठेवावं लागतं. माझ्या घरी मी या वाटेला गेलो नाही. डाउनलोडला केकची पाळीपाळीची वाटणी पुरली.

टॉवरवर आपल्या चिठ्ठीला किंमत नाही, हे मान्य करून टाका. मोबाईल कंपनीचे स्वतःचे वर्ग असतात. ४जीमध्ये व्होल्टीचा, म्हणजे साध्या कॉलचा, आवाज क्यूसीआय १ या वर्गात जातो, आपलं इंटरनेट बहुधा क्यूसीआय ९ मध्ये. ते कंपनी ठरवते. मोबाईलवरचा साधा कॉल स्वच्छ आणि त्याच टॉवरवरचा व्हॉट्सॲप कॉल तुटका, यामागचं एक कारण हेच.

घरातलं वायफाय

राउटरपर्यंत सगळं सुरळीत आणि शेवटच्या खोलीत बोंब, असंही होतं. वायफायवर वेगापेक्षा हवेतला वेळ वाटला जातो. १५०० बाइटचं पॅकेट १५० एमबीपीएसने ०.०८ मिलिसेकंदात जातं, ६ एमबीपीएसने २ मिलिसेकंदांत. माजघरापलीकडच्या खोलीतला जुना फोन तेवढ्याच मालाला पंचवीसपट वेळ हवा अडवतो. टीव्ही, कॅमेरे, डेस्कटॉप केबलवर घ्या; हवा मोकळी झाली की उरलेल्यांना आपोआप अग्रक्रम मिळतो.

वायफायचे स्वतःचे चार वर्ग आहेत, डब्ल्यूएमएम नावाचे, २००५ च्या ८०२.११ई मानकातून आलेले. काही जण 'लॅग कमी होतो' म्हणून डब्ल्यूएमएम बंद करायला सांगतात. ऐकू नका. ते बंद केलं की ८०२.११एन आणि नंतरचे वेग मिळत नाहीत, जोडणी जुन्या ५४ एमबीपीएसवर येऊन बसते. आणखी एक खोच: बरीच उपकरणं डीएससीपीचे वरचे तीनच बिट बघतात. ४६ चे वरचे तीन बिट म्हणजे ५, आणि ५ हा वर्ग व्हिडिओचा. म्हणजे आवाजाची चिठ्ठी लावलेलं पॅकेट हवेत व्हिडिओच्या डब्यात चढतं. २०१८ च्या आरएफसी ८३२५ ने ही जोडी दुरुस्त केली आहे, पण सगळ्या उपकरणांत ती उतरलेली नाही. घरगुती वापरात यावर रात्र जागवण्यासारखं काही नाही.

तुम्ही गावाला नेट पुरवत असाल तर

डोंगरावर सेक्टर अँटेना लावून पाच गिगाहर्ट्झवर वाड्यांना जोडण्या देणाऱ्या ऑपरेटरांसाठी हा भाग. २०१८ मध्ये या पट्ट्यातले एकूण ६०५ मेगाहर्ट्झ परवानामुक्त झाले, पण परवानामुक्त आहेत ते तरंग. इंटरनेट विकायला परवाना किंवा परवानाधारकाशी करार लागतोच. दुकानातून सार्वजनिक वायफाय द्यायचं असेल, तर २०२० च्या डिसेंबरमध्ये मंजूर झालेली पीएम-वाणी योजना परवान्याशिवाय वाट देते.

मायक्रोटिकवर तीन खड्डे आहेत. पहिला, फास्टट्रॅक नावाचा आडरस्ता. डीफॉल्ट फायरवॉलमध्ये तो चालू असतो आणि त्यातून गेलेलं ट्रॅफिक मँगलला (चिठ्ठ्या लावणारे नियम) आणि सिंपल क्यूला (वेगाची मर्यादा घालणारी साधी रांग) शिवतच नाही. क्यू बसवलीत आणि आकडे शून्यच राहिले, तर आधी हा नियम बंद करा. दुसरा, क्यू ट्रीतला, म्हणजे पालक-मुलं अशा फांद्यांच्या रांगांतला अग्रक्रम. १ सर्वात वरचा, ८ सर्वात खालचा, पण तो फक्त शेवटच्या फांद्यांना लागतो, आणि वरच्या पालक रांगेला 'मॅक्स-लिमिट' नसेल तर त्याला काही अर्थ उरत नाही. तिसरा, 'लिमिट-ॲट', म्हणजे हमीचा वेग. आधी प्रत्येकाचं 'लिमिट-ॲट' भागवलं जातं आणि उरलेल्यातच अग्रक्रम चालतो. सगळ्या मुलांच्या 'लिमिट-ॲट'ची बेरीज पालकापेक्षा जास्त झाली, की पुढे उरतच नाही काही. राउटरओएस या मायक्रोटिकच्या प्रणालीच्या ७ व्या आवृत्तीपासून केक आणि एफक्यू-कोडेल क्यूच्या प्रकारांत मिळतात. शेकडो मँगल नियम पोसण्यापेक्षा प्रत्येक ग्राहकाच्या सिंपल क्यूला त्याच्या प्लॅनइतका वेग आणि प्रकार केक, हे मला बरं वाटतं. रात्री झोप लागते.

सेक्टरवरचा एक ढिल्या सिग्नलचा ग्राहक सगळ्यांचा वेळ खातो, हे घरच्या वायफायसारखंच. त्याच्या क्यूचा वेग कमी करण्याआधी त्याच्या अँटेनाची दिशा बघा. आणि सेक्टरची एकूण मर्यादा रेडिओने दाखवलेल्या आकड्यावर ठेवू नका, संध्याकाळी प्रत्यक्ष वाहिलेल्या आकड्याच्या खाली ठेवा.

ग्राहकांच्या ट्रॅफिकला अग्रक्रम देताना कायद्याचं भान हवं. दूरसंचार नियामक ट्रायच्या २०१७ च्या शिफारशी दूरसंचार विभागाने २०१८ मध्ये स्वीकारल्या. त्यानुसार परवानाधारकाला मजकूर बघून भेदभाव करता येत नाही. गर्दीच्या वेळचं वाजवी नियोजन चालतं. म्हणजे सगळ्याच कॉलना वाट देणं एक, आणि अमुक कंपनीच्या व्हिडिओला पुढे आणि तमुकला मागे करणं दुसरं. घरात मात्र तुम्ही तुमच्या राज्याचे राजे.

तपासणी

पुन्हा तीच चाचणी, रात्री नऊला. रिकामा पिंग आणि भारातला पिंग यांतला फरक मोबाईल जोडणीवर ३०-४० मिलिसेकंदांच्या आत आला तर काम झालं. अपलोडलाच फरक मोठा राहिला, तर अपलोडचा आकडा दहा टक्क्यांनी उतरवा आणि पुन्हा मोजा. आकडा कितीही उतरवून काही होत नसेल, तर तीन शक्यता: इंटरफेस चुकीचा निवडलाय, ऑफलोडिंग चालू आहे, किंवा कुणीतरी थेट मोडेमवर बसलंय. मी तिन्ही केलेलं आहे.

चिठ्ठ्या लागतायत का हे बघायला केकच्या आकडेवारीत चारही डब्यांची पॅकेट मोजलेली दिसतात. कॅमेरे चालू असताना मालगाडीच्या डब्यातला आकडा पळायला हवा. तो शून्यावर असेल तर एसक्यूएममध्ये चिठ्ठ्या पुसण्याचा किंवा दुर्लक्षण्याचा पर्याय चालू राहिलाय का ते पाहा.

आणि हे सगळं उन्हाळ्यात केलं असेल, तर जुलैत पुन्हा एकदा मोजा. पावसाने भिजलेली पानं सिग्नल जास्त पितात. आमच्याकडे पहिल्या पावसानंतर किमान आकडा आठवरून सहावर आणावा लागला, आणि पोफळीची एक झावळी कापावी लागली.